नवे धुळे : एका वसवलेल्या शहराची वाढ आणि त्याचे नगरशासन

प्रस्तावना

विसाव्या शतकातील नगररचनेच्या अभ्यासात ‘नवे शहर’ ही संकल्पना इंग्लंडशी जोडली जाते. एबेनेझर हॉवर्ड यांचे उद्यान-नगरांविषयीचे विचार १८९८ मध्ये ग्रंथरूपाने आले. १९०३ मध्ये लेचवर्थ आणि १९२० मध्ये वेल्विन ही नगरे वसू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ च्या कायद्याने नवी शहरे वसवण्याचे काम थेट शासनाने हाती घेतले. स्टिव्हनेज हे त्यांतील पहिले. त्यासाठी शासननियुक्त विकास महामंडळ नेमण्यात आले. स्थानिक रहिवाशांनी तीव्र विरोध केला आणि लुईस सिल्किन या मंत्र्यांच्या नावावरून ‘सिल्किनग्राड’ अशी पाटी रेल्वे स्थानकावर लावून आपला राग व्यक्त केला. पुढे १९७४ मध्ये स्टिव्हनेजला ‘बरो’चा दर्जा मिळाला आणि १९८० मध्ये विकास महामंडळ विसर्जित झाले. वसवणारी संस्था एक आणि लोकांनी निवडलेली संस्था दुसरी, तसेच पहिलीने दुसरीच्या हाती शहर केव्हा व कोणत्या अटींवर सोपवायचे, हा त्या सर्व शहरांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न राहिला.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उदाहरण म्हणून नवी मुंबईकडे बोट दाखवण्याचा प्रघात आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. म्हणजे सुमारे पाव शतक हे शहर लोकनिर्वाचित संस्थेविना चालले. तथापि हाच प्रश्न खानदेशात त्याहून दीडशे वर्षे आधी उभा राहिला होता, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याने आखून वसवलेले नवे धुळे आणि १८६२ मध्ये तेथे स्थापन झालेली नगरपालिका यांच्या संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओस गाव ते जिल्ह्याचे ठाणे

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धुळे हे पांझरेच्या काठचे एक सामान्य गाव होते. परिसरात महत्त्व होते ते लळिंगच्या किल्ल्याला. १८०३ मध्ये होळकरांच्या फौजेची लूट आणि त्याच वर्षीचा भीषण दुष्काळ या दुहेरी आपत्तीत गाव पूर्णपणे ओस पडले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. लळिंग व सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकरांना दिलेले होते. गाव वसवल्याबद्दल बाळाजी बळवंतांना इनाम जमीन व काही हक्क मिळाले. पुढे दोन्ही परगण्यांचा कारभार त्यांच्याकडे आला, त्यांनी आपले ठाणे धुळ्यास केले आणि इंग्रजी अंमल येईपर्यंत तेच तेथील कारभारी होते.

हा तपशील बारकाईने पाहण्याजोगा आहे. नव्या धुळ्याचा इतिहास सामान्यतः १८१८ पासून सांगितला जातो आणि त्याचे सर्व श्रेय कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांना दिले जाते. परंतु ब्रिग्ज आले तेव्हा धुळे चौदा वर्षांपूर्वी पुन्हा वसवलेले आणि दोन परगण्यांच्या कारभाराचे ठाणे झालेले गाव होते. उजाड माळावर शहर उभारल्याची जी प्रतिमा रूढ आहे, तिला या वस्तुस्थितीमुळे मुरड घालावी लागते.

१८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाला. त्याच वर्षीच्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेशातील प्रदेशही कंपनीकडे आला. नव्या जिल्ह्याचा कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या ब्रिग्ज यांनी मुख्य ठाण्यासाठी धुळ्याची निवड केली. मोठी बाजारपेठ असलेली गावे जिल्ह्यात इतरत्र होती. तरीही पुण्याहून उत्तर हिंदुस्थानकडे जाणारा मार्ग, जिल्ह्यातील मध्यवर्ती स्थान आणि बारमाही पाणी या तीन गोष्टी धुळ्याच्या बाजूने होत्या. जानेवारी १८१९ मध्ये महसुली व न्यायालयीन कचेऱ्या बांधण्यास मंजुरी मिळाली. कारागीर दूरदूरच्या ठिकाणांहून आणावे लागले. या इमारतींचा एकूण खर्च सुमारे २७ हजार रुपये झाला. ज्या प्रदेशात गावेच्या गावे ओस पडली होती, तेथे गवंडी-सुतारही बाहेरून आणावे लागणे स्वाभाविकच होते.

ब्रिग्ज यांनी तेव्हाच्या धुळ्याचे केलेले वर्णन मोजके पण उद्बोधक आहे. बागायतीने वेढलेले, एका बाजूस पाट आणि दुसऱ्या बाजूस नदी यांच्यामध्ये कोंडलेले लहानसे गाव, असे ते होते. पांझरेवरील बंधारे आणि त्यांतून निघणारे पाट ही खानदेशातील फड पद्धतीच्या सिंचनाची जुनी व्यवस्था. हेच पाणी गावाच्या भरभराटीचे कारण होते आणि विस्ताराची मर्यादाही तेच होते. बागायत जमीन मोडून घरे बांधणे ना रयतेला परवडणारे, ना सारा वसूल करणाऱ्या सरकारला. त्यामुळे नवी वस्ती जुन्या गावठाणाला चिकटून न वाढता स्वतंत्र आखणीने उभी राहिली. जुने धुळे आणि नवे धुळे असा भेद त्यातून निर्माण झाला. जुन्या भागात वेडीवाकडी, साधी घरे आणि नव्या भागात सरळ रस्त्यांवरील नेटक्या बांधणीची घरे, अशी नोंद १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आहे.

कौल आणि बिनसाऱ्याची जागा

नवे शहर कचेऱ्यांनी वसत नाही, लोकांनी वसते. हे ब्रिग्ज यांना पुरते ठाऊक असावे. व्यापाऱ्यांनी व इतरांनी येऊन राहावे म्हणून त्यांनी दोन सवलती दिल्या. घरासाठी जागा कायमची बिनसाऱ्याची दिली. पक्के घर बांधता यावे म्हणून जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून येणाऱ्यांनाही सरकारातून आगाऊ रक्कम दिली.

या सवलतींकडे इंग्रजी राजवटीचे नवे धोरण म्हणून पाहिले जाते. हे मत मान्य करणे कठीण आहे. ओस जागी पेठ वसवायची, वसवणाऱ्याला कौल द्यायचा, पहिली काही वर्षे जकात व पट्ट्या माफ करायच्या, शेटे-महाजनांना वतन देऊन पेठेची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवायची, ही मराठी राज्यातील रुळलेली पद्धत होती. पुण्यातील कसब्याभोवती सदाशिव, नारायण, नाना या पेठा अशाच वाढल्या. ओसाड जमिनीला दिलेला इस्तावा हे त्याच धोरणाचे शेतीतील रूप. ‘कसबा’ आणि ‘पेठ’ हे शब्दच जुनी वस्ती व नंतर वसवलेला बाजार यांतील भेद दाखवतात. जामनेर तालुक्यातील पहूर येथे आजही पहूर कसबे आणि पहूर पेठ अशा दोन स्वतंत्र ग्रामपंचायती आहेत. एकाच नावाच्या गावाचा कारभार दोन संस्थांनी पाहावा, याचे बाहेरच्या माणसाला नवल वाटते. मात्र वस्तीच्या इतिहासात हा भेद किती खोल रुजलेला होता, याची ती चालती-बोलती खूण आहे.

बाळाजी बळवंतांनी १८०४ मध्ये इनामाच्या मोबदल्यात गाव वसवले आणि ब्रिग्ज यांनी १८१९ मध्ये बिनसाऱ्याच्या जागा देऊन पेठ वाढवली. या दोन घटनांत साधनांचे साम्य आहे. फरक आहे तो अधिकाराच्या स्वरूपात. पेठेचा कौल शेट्याच्या नावे निघे आणि पेठेच्या दैनंदिन व्यवहारात त्याला वतनी अधिकार असे. नव्या धुळ्यात मात्र जागा देणारा, रस्ता आखणारा, तंटा तोडणारा आणि पैसा पुरवणारा एकच होता, तो म्हणजे जिल्ह्याचा अधिकारी. व्यापाऱ्याला घर मिळाले, सवलत मिळाली. पेठेच्या कारभारात जे स्थान त्याला पूर्वी असे, ते मिळाले नाही. पुढील चार दशकांत शहराला स्वतःची अशी कोणतीही संस्था नव्हती.

लोकसंख्येचे आकडे वाढ दाखवतात. १८१९ मध्ये ४०१ घरांत २,५०९ लोक राहत होते. १८६३ च्या सुमारास लोकसंख्या १० हजारांवर पोहोचली आणि १८७२ च्या जनगणनेत ती १२,४८९ व घरे २,६२० झाली. त्रेपन्न वर्षांत लोकसंख्या पाचपट आणि घरे साडेसहापट. दर घरामागील माणसांची संख्या सहाहून थोडी अधिक होती, ती पाचच्या खाली आली. आगाऊ रकमा आणि मोकळ्या जागा यांचा हा परिणाम, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु १८१९ मधील मोजणी आणि १८७२ ची जनगणना यांत ‘घर’ कशाला म्हटले याची एकवाक्यता गृहीत धरता येत नाही. वाढीची दिशा मात्र निःसंशय आहे.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे आवश्यक वाटते. धुळ्याच्या सरळ रस्त्यांची व क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची आखणी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी केली, असे शहरात अभिमानाने सांगितले जाते. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात १८८४ मध्ये रुजू झाले आणि सेवेच्या आरंभी त्यांनी धुळे परिसरात काम केले, हे खरे आहे. दातर्तीजवळ पांझरेच्या पाण्यासाठी त्यांनी उभारलेली नळाची वक्रनलिका प्रसिद्धच आहे. परंतु नव्या धुळ्याची आखणी त्यांच्या जन्माच्या चार दशके आधी सुरू झाली होती आणि गॅझेटियरमधील सरळ रस्त्यांची नोंदही त्यांच्या आगमनाच्या चार वर्षे आधीची आहे. शहराच्या स्मृतीत परकीय लष्करी अधिकाऱ्याची जागा भारतीय अभियंत्याने घ्यावी, ही गोष्ट समजण्यासारखी असली तरी तिला इतिहासाचा आधार नाही.

नगरपालिका : नेमलेल्यांची आणि निवडलेल्यांची

१८५० च्या सव्विसाव्या कायद्याने मोफसल भागात नगरपालिका स्थापन करण्याची सोय केली. कायद्यात गावकऱ्यांच्या अर्जाची अट होती. प्रत्यक्षात पुढाकार अधिकाऱ्यांचाच असे, अध्यक्ष सरकारी अधिकारी असे आणि सभासद नेमलेले असत. धुळ्याची नगरपालिका १८६२ मध्ये स्थापन झाली आणि जळगावची १८६४ मध्ये. दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन संस्थांच्या मागची शहरे मात्र भिन्न प्रकृतीची होती. धुळे सरकारने वसवलेले, तर जळगाव रेल्वे आणि कापूस यांनी वाढवलेले. १८६० च्या दशकात रेल्वे जळगावमार्गे भुसावळला पोहोचली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले आणि जळगावच्या बाजारपेठेचे भाग्य उजळले. धुळ्याला जवळचे स्थानक चाळीसगाव, तेही सुमारे तीस मैलांवर. चाळीसगाव–धुळे शाखा सुरू व्हायला १९०० साल उजाडले. जिल्ह्याचे ठाणे निवडताना रस्ता पाहिला गेला होता, कारण १८१९ मध्ये रेल्वे कोणाच्या स्वप्नातही नव्हती. अधिकाऱ्याच्या निर्णयाने वसलेल्या शहराला त्या निर्णयाच्या काळाची मर्यादा कशी भोवते, याचे हे ठळक उदाहरण होय.

नव्या नगरपालिकेची कसोटी लवकरच लागली. १८७२ मध्ये पांझरेला मोठा पूर आला आणि शहरातील घरांची व मालमत्तेची अतोनात हानी झाली. गाव पाट आणि नदी यांच्यामध्ये कोंडलेले आहे, हे ब्रिग्ज यांचे निरीक्षण अशा रीतीने खरे ठरले. त्यानंतरच्या १८७३ च्या मुंबई कायद्याने नगरपालिकांचे दोन वर्ग केले आणि १० हजार किंवा त्याहून अधिक वस्तीच्या गावांना शहर नगरपालिकेचा वर्ग दिला. धुळ्याची लोकसंख्या ही मर्यादा ओलांडून गेलेली होती.

लॉर्ड रिपन यांचा १८ मे १८८२ चा ठराव आणि त्यानंतरचा १८८४ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा यांनी निवडणुकीचे तत्त्व आणले. किमान निम्म्या जागा निवडणुकीने भरण्याची तरतूद झाली. मताधिकार कर भरण्याशी व मालमत्तेशी जोडलेला असल्याने मतदार थोडेच होते. तरीही एक बदल मूलगामी होता. सरकारने सवलती देऊन आणून बसवलेल्या व्यापारी व वकील वर्गाला शहराच्या कारभारात प्रथमच हक्काने बोलता येऊ लागले. ज्यांच्या पूर्वजांना जागा बिनसाऱ्याची मिळाली होती, त्यांनीच आता घरपट्टी किती असावी व जकात कोणत्या मालावर बसवावी हे ठरवायचे होते. बाजार वाढावा म्हणून वसवलेल्या शहराचा कारभार बाजारात येणाऱ्या मालावरील जकातीवर चालवावा, हा अंतर्विरोध मोफसलमधील बहुतेक नगरपालिकांत होता. धुळ्यासारख्या वसवलेल्या पेठेत तो अधिक बोचरा होता. १९९९ मध्ये राज्यातील नगरपालिकांची जकात बंद होईपर्यंत तो मिटला नाही. बंद झाल्यावर मात्र नगरपालिका शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या, हेही नमूद करावयास हवे.

१९२५ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील मोठ्या नगरपालिकांना ‘बरो म्युनिसिपालिटी’ असा दर्जा देण्याची व्यवस्था केली. इंग्लंडच्या नगरशासनातील ‘बरो’ हा शब्द त्या कायद्याने खानदेशच्या कचेऱ्यांत आणला. जळगाव व अमळनेर येथील बरो म्युनिसिपालिट्या आणि तेथील कापड गिरण्या यांच्यातील तंटे पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. शब्द इंग्लंडचा असला तरी इंग्लंडमधील बरोला शतकांची सनद आणि परंपरा होती. येथील बरो म्हणजे कायद्याच्या परिशिष्टातील एक वर्ग. महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम १९६५ आल्यावर हा शब्द सरकारी व्यवहारातून गेला. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘म्युनिसिपालिटी’ तेवढी उरली.

ठाण्याचे शहर

धुळ्याच्या वाढीचे मूळ कारण जिल्ह्याच्या कचेऱ्या. म्हणून जिल्ह्याच्या सीमा बदलल्या की शहराचे काय होते, हे पाहणे उपयुक्त ठरते. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. संपूर्ण खानदेशचे ठाणे असलेले धुळे केवळ पश्चिम खानदेशचे राहिले आणि जळगाव पूर्व खानदेशचे ठाणे झाले. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळे होऊन धुळ्याच्या अधिकारक्षेत्राला दुसऱ्यांदा कात्री लागली. तरीही शहर आटले नाही. मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि धुळे–सोलापूर हे महामार्ग येथे एकत्र येतात. रेल्वेने एकेकाळी पाठ फिरवलेल्या शहराला मोटारीच्या युगात रस्त्यानेच पुन्हा हात दिला. आग्रा रोड आणि पाचकंदील हीच आजही बाजारपेठेची ओळख आहे.

ठाण्याचा आणखी एक परिणाम आकड्यांत मावत नाही. न्यायालये व कचेऱ्या यांच्याभोवती शिकलेल्या लोकांचा वर्ग जमला आणि त्याने संस्था उभारल्या. धुळ्यात वकिली करणाऱ्या शंकर श्रीकृष्ण देव यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा सुरू झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापन झाले. ब्रिग्ज स्वतः फिरिश्त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. त्यांनी वसवलेल्या शहरात मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रे जतन व्हावीत, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

महानगरपालिका आणि हद्दीचा प्रश्न

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. नगरशासनाला घटनात्मक स्थान मिळाले आणि मुदतीत निवडणूक घेणे हे बंधन ठरले. २००३ मध्ये, जळगावपाठोपाठ काही महिन्यांतच, ३० जून रोजी धुळे महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ७५ हजार, तर जळगावची सुमारे ४ लाख ६० हजार नोंदली गेली. दर्जा वाढला; पाण्याचा प्रश्न मात्र जुनाच राहिला. नकाणे व डेडरगाव तलाव अपुरे पडल्याने तापीचे पाणी आणावे लागले. पाट आणि नदी यांच्यामध्ये कोंडलेले गाव दोनशे वर्षांनंतर दुसऱ्या नदीच्या पाण्यावर विसंबून आहे.

२०१८ मध्ये वलवाडी, अवधान, महिंदळे यांसह लगतची गावे महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. या गावांतील वसाहती प्रत्यक्षात शहराचाच भाग झाल्या होत्या, हे हद्दवाढीच्या बाजूचे म्हणणे. ग्रामपंचायत गेली, पट्टी वाढणार, पण रस्ते-गटारे केव्हा येणार, हा त्या गावांचा प्रश्न. १८१९ मध्ये बाहेरच्यांना शहरात आणण्यासाठी कर माफ करण्यात आला होता. २०१८ मध्ये शहरच बाहेरच्यांकडे चालत गेले आणि सोबत कराची बिले घेऊन गेले. दोन्ही वेळी निर्णय शहराबाहेरच्या सत्तेचा होता. हद्द ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य शासनाकडे आहे, महानगरपालिकेकडे नाही.

हद्दवाढीनंतरची पहिली निवडणूक डिसेंबर २०१८ मध्ये ७४ जागांसाठी झाली. त्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली. राज्यातील इतर महानगरपालिकांप्रमाणे येथेही निवडणूक लांबली आणि कारभार शासननियुक्त प्रशासकाकडे गेला. अंदाजपत्रक, करआकारणी, विकासकामे हे सारे निर्णय दोन वर्षे एका नियुक्त अधिकाऱ्याच्या सहीने होत राहिले. नव्याने आलेल्या गावांना या काळात ना जुनी ग्रामपंचायत होती, ना नवा नगरसेवक. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले, त्यांत धुळेही होते.